दान, कर्ज आणि पत : न्यूयॉर्कमधील एका ज्यू संस्थेचा विचार

गरिबाला मदत करणारी संस्था त्या गरिबाकडे कोणत्या नजरेने पाहते, हा प्रश्न समाजकार्याच्या चर्चेत फारसा विचारला जात नाही. किती रुपये वाटले, किती घरांत धान्य गेले, किती मुलांना वह्या मिळाल्या याचे आकडे वार्षिक अहवालात येतात. घेणारा घेताना ताठ उभा होता की वाकलेला होता, याचा रकाना अहवालात नसतो. मदतीच्या प्रत्येक व्यवहारात वस्तूबरोबर माणसाची प्रतिष्ठाही हलत असते. पुष्कळदा देणारा धान्य देतो आणि त्या बदल्यात घेणाऱ्याचे माणूसपण काढून घेतो. देणाऱ्याला हा सौदा झाल्याचे कळतही नाही. घेणाऱ्याला कळते, पण तो बोलत नाही.

या प्रश्नाचा विचार हवेत न करता एका प्रत्यक्ष संस्थेच्या आधारे करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. संस्था न्यूयॉर्क शहरातील आहे. तिचे नाव हिब्रू फ्री लोन सोसायटी. १८९२ साली काही ज्यू स्थलांतरितांनी ९५ डॉलरच्या भांडवलावर ती उभी केली आणि ती आजही चालू आहे. बिनव्याजी कर्ज देणे हेच काम ती सव्वाशेहून अधिक वर्षे करीत आली आहे. काम साधे दिसते. परंतु ते का सुरू झाले, कसे चालले आणि कोठे अपुरे पडले हे पाहू लागले म्हणजे दान आणि न्याय यांतील अंतर स्पष्ट होऊ लागते.

१. हाकललेली माणसे

महाराष्ट्राला ज्यू समाज अपरिचित नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक आपल्याकडे शनवार तेली म्हणून ओळखले जात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून हे नाव. युरोपातील ज्यूंचा इतिहास मात्र फार वेगळा आहे. तेथे अनेक देशांत त्यांना जमीन धारण करण्याची मनाई होती. कारागिरांच्या संघांची दारे त्यांना बंद होती. ख्रिस्ती धर्मसंस्थेने ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे पाप ठरवले होते, पण राजांना आणि व्यापाऱ्यांना कर्जाची गरज तर होतीच. मग जे धंदे मोकळे राहिले त्यांत पैसे उसने देण्याचा धंदा होता, आणि काही ज्यू त्यात ढकलले गेले. पुढे संपूर्ण समाजालाच सावकार आणि लोभी म्हणून बदनाम करण्यात आले. बहुसंख्य ज्यू शिंपी, चांभार, फेरीवाले, हमाल असे दरिद्रीच होते, याचा विसर सोयीस्करपणे पडला. आधी धंदा लादायचा आणि मग त्या धंद्यावरून माणसाचा स्वभाव ठरवायचा, ही रीत केवळ एका देशाची नाही.

रशियन साम्राज्यात ज्यूंना सरकारने आखून दिलेल्या पश्चिमेकडील पट्ट्यातच राहण्याची सक्ती होती. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे निमित्त होऊन दक्षिण रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १८८२ च्या कायद्यांनी त्यांना खेड्यांत नव्याने वसण्यास आणि तेथे जमीन घेण्यास बंदी केली. दारिद्र्य होतेच, त्यात आता जिवाची शाश्वती उरली नाही. १८८१ पासून १९२४ साली अमेरिकेने कडक निर्बंधांचा कायदा करून दारे जवळजवळ बंद केली तोपर्यंत, पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. त्यांतील फार मोठा भाग न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला आणि मॅनहॅटनच्या आग्नेय कोपऱ्यातील लोअर ईस्ट साइड या वस्तीत राहिला.

ही वस्ती म्हणजे पाचसहा मजली चाळी, अंधारी जिने, खिडकी नसलेल्या आतल्या खोल्या आणि एका खोलीत आठदहा माणसे. त्याच खोलीत दिवसा शिवणकाम चाले. ज्याला शिवणकाम येत नसे किंवा मिळत नसे तो हातगाडी ओढी. हेस्टर स्ट्रीट आणि ऑर्चर्ड स्ट्रीट हे रस्ते या हातगाड्यांनी भरलेले असत. बटणे, मासे, जुने कपडे, चष्मे, बटाटे असे काहीही विकले जाई. गाडी स्वतःची नसेल तर रोजच्या भाड्याने घ्यायची, माल उधारीवर उचलायचा आणि संध्याकाळी जे उरेल त्यावर घर चालवायचे, असे हे जगणे होते.

२. राहू देण्याची अट

ज्यू लोक आपल्या गरिबांची काळजी आपणच घेतात, असे कौतुकाने बोलले जाते. या कौतुकामागचा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. १६५४ साली, न्यूयॉर्क हे नाव पडण्यापूर्वी, ब्राझीलमधून निघालेले तेवीस ज्यू या डच वसाहतीत येऊन पोचले. तेथील गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याला ते नको होते. त्याने वरिष्ठांकडे त्यांना घालवून देण्याची परवानगी मागितली. वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीत काही ज्यूंचे भांडवल गुंतले होते. त्यामुळे कंपनीने १६५५ साली त्यांना राहू देण्याचा निर्णय दिला, पण एक अट घातली. त्यांच्यातील गरिबांचा भार कंपनीवर किंवा वसाहतीवर पडता कामा नये. तो त्यांचा त्यांनीच उचलावा.

म्हणजे ज्या गोष्टीला आज आपण समाजाचा सद्गुण म्हणतो ती मुळात राहू देण्याची अट होती. इतर नागरिकाचे दारिद्र्य हे त्या एका माणसाचे दारिद्र्य असते. परक्या ठरवलेल्या समाजातील माणूस भीक मागू लागला तर तो सबंध समाजावरचा आरोप होतो. म्हणून अमेरिकेतील ज्यू समाजकार्याला सुरुवातीपासून दोन प्रेरणा होत्या. एक धर्माने सांगितलेले कर्तव्य, आणि दुसरी भीती. स्वावलंबनाचा गौरव करताना ही दुसरी प्रेरणा विसरून चालणार नाही.

३. वरची वस्ती, खालची वस्ती

पूर्व युरोपातील गरीब ज्यू न्यूयॉर्कला आले तेव्हा तेथे एक जुना, स्थिरावलेला ज्यू समाज होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन प्रदेशांतून आलेली ही कुटुंबे. त्यांतील काही बँकर आणि बडे व्यापारी झाले होते. ती शहराच्या वरच्या भागात राहत. भाषा इंग्रजी आणि जर्मन, वागणे अमेरिकन. खालच्या वस्तीतील यिद्दिश बोलणारे, दाढीवाले, फाटक्या कपड्यांतील धर्मबंधू त्यांना अवघड वाटत. यांच्यामुळे आपणही पुन्हा परके ठरू, ही धास्ती त्यामागे होती.

ती धास्ती निराधार नव्हती. १८७७ साली जोसेफ सेलिग्मन या बड्या बँकरला साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलने तो ज्यू आहे म्हणून प्रवेश नाकारला. अमेरिकन सरकारला यादवी युद्धाच्या काळात पैसा उभा करून देण्यास मदत करणारा हा माणूस. त्यालाही हॉटेलच्या दारातून परत यावे लागले. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. एडविन सेलिग्मन हे याच जोसेफ यांचे पुत्र. बाबासाहेबांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला त्यांची प्रस्तावना आहे. धनाने प्रतिष्ठा विकत घेता येत नाही, हे या घराण्याने अनुभवले होते.

लक्षाधीश सेलिग्मन आणि हेस्टर स्ट्रीटवर बटणे विकणारा फेरीवाला यांना बाहेरचे जग एकाच नावाने हिणवत होते. आतून मात्र ते एक नव्हते. वरच्या वस्तीने खालच्या वस्तीसाठी १८७४ साली युनायटेड हिब्रू चॅरिटीज ही संस्था काढली. तिने कोळसा दिला, घरभाडे दिले, औषधोपचार केले. अनेक कुटुंबे तिच्यामुळे तगली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या काळात अमेरिकेत सर्वत्र ‘शास्त्रीय धर्मादाय’ नावाची विचारसरणी जोरात होती. तिच्या मते गरिबांचे दोन वर्ग. एक लायक गरीब आणि दुसरा नालायक गरीब. मदत देण्यापूर्वी माणसाची लायकी तपासावी, नाहीतर तो आळशी बनेल. या मतानुसार संस्थेचा माणूस घरी येई. चूल पाही, अंथरूण पाही, शेजाऱ्यांना विचारी, नवरा दारू पितो का याची चौकशी करी. अर्जदाराला आपले दुःख सिद्ध करून दाखवावे लागे. ज्याचे दुःख जास्त दिसे त्याला मदत जास्त मिळण्याचा संभव. साहजिकच माणसाला आपली उमेद लपवून आपली दुर्दशा पुढे करावी लागे.

दुर्दशेचे प्रदर्शन करणे ही ज्या मदतीची किंमत असते, ती मदत घर चालवते पण माणसाला आतून मोडते.

४. ९५ डॉलर

या पार्श्वभूमीवर १८९२ साली खालच्या वस्तीतील काही माणसे हेन्री स्ट्रीटवरील एका सिनेगॉगमध्ये एकत्र आली. ते स्वतः स्थलांतरितच होते, धनिक नव्हते. त्यांनी आपसांत ९५ डॉलर जमवले आणि कर्ज देण्यास सुरुवात केली. पहिली कर्जे पाच डॉलरपासून पंचवीस डॉलरपर्यंतची होती. कोणाला हातगाडीवर ठेवायला माल घ्यायचा होता, कोणाला शिलाई मशीन घ्यायचे होते, कोणाला हत्यारे हवी होती. पैसे हप्त्याहप्त्याने परत करायचे. व्याज नाही.

पाच डॉलरचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या कर्जबाजाराकडे पाहिले पाहिजे. मोठ्या बँका एवढे लहान कर्ज देतच नसत. गरिबाला सावकाराकडे किंवा गहाणवटीच्या दुकानात जावे लागे. या सावकारीवर नियंत्रण आणण्यासाठी रसेल सेज फाउंडेशनच्या पुढाकाराने १९१६ साली लहान कर्जांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्याने ठरवलेली व्याजाची कमाल मर्यादा होती दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. ही सुधारणा होती! सुधारणेचा दर जर हा असेल, तर सुधारणेपूर्वीचा बाजार कसा असेल याची कल्पना करता येईल. वस्तीतील लहान खाजगी बँकाही भरवशाच्या नव्हत्या. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच लोकांनी युरोपातील नातेवाइकांना पाठवण्यासाठी ठेवी काढायला सुरुवात केली, आणि जार्मुलोव्स्की यांच्यासारखी नावाजलेली पेढीही सरकारला बंद करावी लागली. हजारो कष्टकऱ्यांची पुंजी त्यात अडकली.

अशा बाजारात बिनव्याजी पाच डॉलर देणारी संस्था उभी राहणे ही साधी घटना नव्हती. शिवाय ज्यांना सावकार म्हणून हिणवले गेले त्याच समाजातील गरिबांनी ती काढली होती. ही कल्पना न्यूयॉर्कपुरती राहिली नाही. अमेरिकेतील शहरोशहरी अशा हिब्रू कर्जसंस्था निघाल्या, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या पाचशेच्या आसपास गेली.

५. धर्मग्रंथांतील आधार आणि त्याची सीमा

हिब्रू भाषेत दानाला ‘त्झदाका’ हा शब्द आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ न्याय असा आहे. म्हणजे गरिबाला देणे ही दयेची लहर नसून त्याचे जे आहे ते त्याला पोचते करणे होय, असा भाव त्या शब्दात आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणे ही सर्वांत खालची पायरी. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही वरून दुसरी. सर्वांत वरच्या पायरीवर त्याने ठेवले ते माणसाला कर्ज देणे, आपल्या धंद्यात भागीदार करून घेणे किंवा काम मिळवून देणे, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

कर्जाला तेथे आणखी एक वेगळा शब्द आहे, ‘गमिलुत हसादिम’, म्हणजे आपुलकीची कृती. तालमूद या ग्रंथात दान आणि ही कृती यांतील फरक सांगताना एक मार्मिक मुद्दा येतो. दान फक्त गरिबालाच करता येते. आपुलकीची कृती गरीब आणि श्रीमंत दोघांसाठी करता येते. हा फरक महत्त्वाचा आहे. दान घेताच माणसावर गरीब असा शिक्का बसतो. कर्ज राजाही घेतो आणि व्यापारीही घेतो. म्हणून कर्ज घेणाऱ्याच्या अंगावर तो शिक्का बसत नाही.

मात्र ग्रंथात उदात्त शब्द आहे म्हणून समाजाचा व्यवहारही उदात्त असतो, असे मानण्याचे कारण नाही. ग्रंथांची चिकित्सा येथेही केली पाहिजे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात आपल्या लोकांतील गरिबाकडून व्याज घेण्यास मनाई आहे. परंतु अनुवाद या पुस्तकात परक्याकडून व्याज घेण्याची मुभा आहे. म्हणजे न्यायाची सीमा समाजाच्या सीमेशी येऊन थांबते. शिवाय ‘त्झदाका’ हा शब्द वरच्या वस्तीलाही ठाऊक होता; तरी चूल पाहायला माणूस जातच होता. शब्दाचे मोल तो ज्या व्यवस्थेत वापरला जातो त्यावरून ठरते.

६. तारणाच्या जागी माणूस

मग या संस्थेची व्यवस्था काय होती? तिने तारण मागितले नाही, कारण तारण ठेवण्यासारखे कर्जदाराकडे काही नव्हतेच. तिने जामीन मागितला. ओळखीच्या माणसांनी कागदावर सही करायची की हा पैसे बुडवणार नाही, आणि बुडवलेच तर आम्ही भरू. जामीन राहणारा वस्तीतलाच असे. एखादा दुकानदार, एखादा कसाई, त्याच सिनेगॉगमध्ये येणारा एखादा बऱ्या कमाईचा शिंपी.

मराठीत ‘पत’ हा फार नेमका शब्द आहे. पत म्हणजे उसने मिळण्याची ताकद आणि पत म्हणजे अब्रू. बाजाराच्या हिशेबात हातगाडीवाल्याला पत नव्हती. वस्तीच्या हिशेबात मात्र होती. तो पहाटे उठतो, शब्द पाळतो, हे शेजाऱ्यांना माहीत होते. संस्थेने या माहितीला मोल दिले. धर्मादाय संस्था विचारत होती, तू किती बुडालेला आहेस? कर्जसंस्था विचारत होती, तू काय करू शकतोस आणि तुझ्यावर कोणाचा विश्वास आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस खाली पाहतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो समोर पाहून देऊ शकतो.

पैशाच्या दृष्टीनेही ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. समजा, शंभर डॉलर आहेत. ते दहा जणांना दहादहा डॉलर दान दिले तर काम संपले. तेच दहा जणांना कर्ज दिले आणि प्रत्येकाने आठवड्याला एक डॉलर फेडायचे ठरले, तर दर आठवड्याला निदान दहा डॉलर परत येतात. म्हणजे दर आठवड्याला निदान एक नवे कर्ज देता येते. वर्षअखेर त्याच शंभर डॉलरवर साठाहून अधिक माणसांची नड भागलेली असते आणि भांडवल शाबूत राहते. अर्थात हे घडण्यासाठी लोकांनी पैसे फेडले पाहिजेत. या संस्थेचा अनुभव असा की बुडीत कर्जाचे प्रमाण नगण्य राहिले. गरीब माणूस पैसे बुडवतो, हा जो सर्वत्र पसरलेला समज आहे त्याला या संस्थेच्या इतक्या वर्षांच्या हिशेबवह्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट. ज्याने कर्ज फेडले तो उद्या दुसऱ्याला जामीन राहू शकतो. वर्गणीदार होऊ शकतो. दानात देणारे आणि घेणारे असे दोन कायमचे वर्ग तयार होतात. फिरत्या कर्जात घेणाऱ्याला देणारा होण्याची वाट मोकळी राहते.

७. जे या कर्जाने झाले नाही

असे असले तरी या संस्थेचा गौरव करून थांबणे बरोबर होणार नाही. तिच्या मर्यादा तितक्याच बोलक्या आहेत.

पहिली मर्यादा जामिनाचीच. ज्याला वस्तीत कोणी ओळखत नाही, जो काल बोटीतून उतरला, ज्याचे सगळे नातेवाईक त्याच्यासारखेच कंगाल आहेत, त्याला जामीन कोण राहणार? ज्या घरात कोणालाच पगार नाही त्या घरातील मुलाला कर्जाच्या अर्जावरील जामीनदाराचा रकाना काय असतो हे सांगावे लागत नाही. मी स्वतः विद्यार्थिदशेत तो रकाना कोरा ठेवून परत आलेलो आहे. तारणाच्या जागी माणूस ठेवला हे पुढचे पाऊल खरेच. पण माणूस मिळणे हीदेखील एक मालमत्ताच असते, आणि ती सर्वांत तळाच्या माणसाकडे नसते.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. त्या काळातील कर्जव्यवहार बहुतांशी पुरुषांच्या हातात होता. म्हणून काही शहरांत ज्यू स्त्रियांनी आपल्या स्वतंत्र कर्जसंस्था काढल्या. खेरीज कर्जाने न सुटणारे प्रश्नही होते. नवरा घर सोडून परागंदा झाला की बाई मुलांसह रस्त्यावर येई, आणि धर्माप्रमाणे त्याने सोडचिठ्ठी दिल्याशिवाय तिला दुसरे लग्न करता येत नसे. अशा नवऱ्यांचा शोध घेण्यासाठी १९११ साली नॅशनल डेझर्शन ब्यूरो ही वेगळी ज्यू संस्था निघाली. ‘फॉरवर्ड’ या यिद्दिश दैनिकात पळालेल्या नवऱ्यांची छायाचित्रे छापली जात. समाजाची गरज एकाच साच्याची नसते आणि एका संस्थेत ती मावत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलगामी आहे. कर्जाने हातगाडीवाला उभा राहील, पण कारखान्यातील मजुराचा पगार वाढणार नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील शिवणकामगार स्त्रियांनी वीस हजारांच्या संख्येने संप केला. त्यांत बहुसंख्य ज्यू मुली होत्या, आणि क्लारा लेमलिच या तरुण कामगार मुलीच्या यिद्दिश भाषणाने त्याला तोंड फुटले. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कंपनीच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले. त्यांतील बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली होत्या. कारखान्याचे मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हेही ज्यू स्थलांतरितच होते. त्याच वर्षी डिसेंबरात ते खटल्यातून निर्दोष सुटले.

मालक आणि मजूर एकाच समाजाचे असले म्हणून शोषण थांबत नाही, हे यातून दिसते. ‘आपला समाज’ या शब्दात वर्ग लपवण्याची सोय असते. त्या मुलींना बिनव्याजी कर्जाची नव्हे, संघटनेची आणि कायद्याची गरज होती. आगीनंतर न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांच्या सुरक्षिततेचे कायदे झाले, ते चळवळीच्या रेट्याने झाले. समाजसेवी संस्था आणि कामगार संघटना यांतील एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. संस्था माणसाला आजचा दिवस पार करून देते; उद्याचा दिवस कसा असावा हे ठरवायला संघटना लागते.

चौथी मर्यादा पैशाच्या मुळाशी आहे. व्याज नाही म्हटल्यावर उत्पन्न नाही. कारकुनाचा पगार आणि जागेचे भाडे देणग्यांतून भागवावे लागते. काम वाढले तशी संस्थेला धनिकांच्या देणग्यांची गरज भासली. म्हणजे देणारा आणि घेणारा यांचा प्रश्न सुटला नाही. तो एक मजला वर सरकला. कर्जदाराला दात्याचे तोंड पाहावे लागत नाही, ते संस्थेला पाहावे लागते. हा फरकही लहान नाही. पण तो प्रश्नाचा शेवट नाही.

८. दार कोणासाठी

काळ बदलला. हातगाड्यांचा बाजार १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या सुमारास शहराने बंदिस्त मंडयांत नेला. ज्यू कुटुंबे लोअर ईस्ट साइड सोडून इतरत्र गेली; त्या चाळींत पोर्तो रिकोची आणि चिनी माणसे राहू लागली. अनेक ज्यूंची पुढची पिढी शिकली, मध्यमवर्गात गेली. अर्थात न्यूयॉर्कमधील ज्यू दारिद्र्य संपले असे नाही. ब्रुकलिनमधील मोठ्या कुटुंबांच्या कर्मठ वस्त्यांत आणि एकट्या वृद्धांत ते आजही आहे. तरीसुद्धा ज्यांच्यासाठी संस्था निघाली तो हातगाडीवाला आता उरला नव्हता.

अशा वेळी संस्थेपुढे दोन वाटा असतात. आपल्या माणसांपुरते दार लहान करीत न्यायचे, किंवा नड ज्याला आहे त्याला आपला मानायचे. हिब्रू फ्री लोन सोसायटी आज न्यूयॉर्क परिसरातील कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कोणत्याही माणसाला कर्ज देते. धर्म विचारत नाही. छोटा धंदा, शिक्षण, नागरिकत्वाच्या अर्जाची फी, घराची अनामत रक्कम, जास्त व्याजाचे जुने कर्ज फेडणे, अशी कारणे बदलली आहेत. २०१२ साली सँडी चक्रीवादळात घरेदारे गेली तेव्हा आणि २०२० साली करोनाच्या साथीत लोकांचे रोजगार बुडाले तेव्हा संस्थेने कर्जे दिली. व्याज आजही नाही. सहसा जामीन आजही लागतो.

परक्याकडून व्याज घेण्याची मुभा ग्रंथात असताना संस्थेने परक्यालाही बिनव्याजी कर्ज दिले, ही गोष्ट मला तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यायाची जी सीमा समाजाच्या सीमेशी थांबत होती ती व्यवहाराने ओलांडली. स्वतः परके ठरवले गेलेल्यांनी परका हा शब्दच आपल्या हिशेबवहीतून काढून टाकला.

९. कोणत्याही संस्थेला विचारावे असे

या सर्व विवेचनातून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न बरोबर घ्यावेत असे वाटते. कोणतीही सेवाभावी संस्था पाहताना ते विचारता येतील. मदतीच्या अटी कोण ठरवतो, देणारा की ज्यांच्यासाठी ती आहे ते लोक? मदत मिळवण्यासाठी माणसाला काय सिद्ध करावे लागते, आपली दुर्दशा की आपली कुवत? आणि मदत घेतल्यानंतर तो कोठे पोचतो, पुन्हा त्याच रांगेत की दुसऱ्याला जामीन राहण्याच्या जागी?

हे प्रश्न हिब्रू फ्री लोन सोसायटीला विचारले तर पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे पुष्कळच समाधानकारक मिळते. म्हणूनच तिचा अभ्यास करावा. पण ज्याला कोणीच जामीन नाही त्याला जामीन कोण राहणार, या प्रश्नाचे पुरते उत्तर एवढी वर्षे चाललेल्या या संस्थेलाही देता आलेले नाही. ते एका संस्थेचे काम नव्हेच. आपल्या प्रत्येक नागरिकाला जामीन राहणे हे शासनाचे आणि सबंध समाजाचे काम आहे, आणि ते काम देणग्यांवर सोडून देता येत नाही.